शेंदरी पोटं

मंगळवार

डायरी लिहिणं हा माझा पिंड नाही. माशांच्या खाद्याच्या कंपनीने फुकट दिलेली ही वही एरवी चहाच्या कपाखाली ठेवायला वापरली असती. पण पिल्लांची ही खेप लिहूनच काढायची असं ठरवलंय, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की नशिबाने जगली. 'कुणी' म्हणजे आमच्या बाईसाहेब.

त्या काल सकाळी लेकीकडे गेल्या. भांडण असं झालंच नाही. परवा तो चष्मेवाला आला होता. त्याची स्वतःची तळी आहेत, दर हंगामाला मागूर माशाचं बी, म्हणजे पिल्लं, आमच्याकडूनच नेतो. ट्रेमध्ये वाकून बघत म्हणाला, "एवढी जगतात कशी हो तुमच्याकडे? बाकीच्यांकडे निम्मी मरतात." मी म्हणालो, "त्यात काय एवढं? वेळच्या वेळी चिमूट टाकायची, झालं." ही तिथेच होती, कोपरापर्यंत हात पाण्यात. तो गेल्यावर हात पुसत म्हणाली, "पुढच्या खेपेला तुम्हीच टाका चिमूट." मी म्हणालो, "टाकतो की! तुझ्यावाचून काही अडत नाही माझं." ती म्हणाली, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून दारात उभी.

एवढ्याशा शब्दावरून! माणसाने चारचौघांत बायकोचे गोडवे गात बसायचं का? "जगली तर कळवा," म्हणाली जाताना. जगवून दाखवतोच, आणि कळवतोही. ती काही टिकत नाही तिकडे. लेकीच्या घरात तिला करमत नाही. फार तर चार दिवस.

आता कामाचं. मादीला काल संध्याकाळी अंडी सुटायची सुई टोचली, आज सकाळी अंडी पिळून काढली. चारही ट्रेमध्ये जाळीच्या चौकटीवर पसरून ठेवली आहेत. रंग झकास, हिरवट आणि आरपार. आमच्यात वाटणीच अशी आहे. मोठे मासे, सुया, अंडी, तळी आणि गिऱ्हाईक माझं. अंडं फुटल्यापासून पिल्लू बोटाच्या पेराएवढं होईपर्यंत तिचं. म्हणजे अवघड काम सगळं माझ्याकडे.

बुधवार

फुटली! दुपारी जाऊन बघतो तर पिल्लं जाळीतून खाली ट्रेच्या तळाशी उतरलेली आणि टरफलं वर जाळीवर राहिलेली. जाळ्या हळूच उचलून धुतल्या. धंद्यात या वयाच्या पिल्लांना जिरं म्हणतात, आणि खरंच दिसतात जिऱ्याएवढीच, फक्त शेपूट वळवळतं.

शेजारच्या बर्फाच्या कारखान्याचा मालक डोकावला. त्याला सगळे बर्फवालाच म्हणतात, मीही. रोज संध्याकाळी त्याची फेरी असते आमच्या शेडमध्ये. "वहिनी दिसत नाहीत?" म्हणाला.

"लेकीकडे गेलीय."

"खेप चालू असताना?"

मी म्हटलं, "खेप मी बघतोय." तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

गुरुवार

पिल्लं कोपऱ्यात ढीग करून पडली आहेत. पोहत नाहीत, खात नाहीत, नुसती एकावर एक. ही ट्रेवर नेहमी काळं कापड टाकून ठेवायची. मी काढून टाकलं, अंधारात दिसणार काय? उजेड झाल्यावर तर आणखीनच कोपऱ्यात घुसली. बिचारी भुकेने मलूल झालीत हे स्पष्टच आहे. जन्मल्यापासून पोटात अन्नाचा कण नाही.

दोन अंडी उकडली, बलक फडक्यातून गाळला आणि पहिल्या ट्रेमध्ये चांगला सढळ हाताने सोडला. चिमूट कसली, मूठच. माझ्या राज्यात कुणी उपाशी राहणार नाही. बाकीच्या ट्रेना द्यायला बलक उरला नाही, त्यांना उद्या.

स्वतःसाठी काही करायचा कंटाळा आला म्हणून उरलेला पांढरा भाग मीच खाल्ला. मीठ कुठे ठेवते ते सापडलं नाही.

शुक्रवार

पहिला ट्रे गेला. सगळाच्या सगळा.

शेडचं दार उघडलं तेव्हाच वास आला. पाणी दुधासारखं झालेलं, तळाला साय धरलेली आणि तिच्यात पिल्लं. पांढरी पडलेली. हाताने ट्रे उचलून बाहेर ओतला. डोळ्यांत पाणी आलं हे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार आहे.

दुपारी लेकीचा फोन आला. सहज केला म्हणाली. सांगू नये असं ठरवलं होतं, पण सांगून बसलो. ती म्हणाली, "अहो बाबा, पण आताच खायला कशाला दिलं? त्यांच्या पोटाला पिशवी असते ना बलकाची. ती संपेपर्यंत त्यांना काही लागत नाही. कोपऱ्यात पडून राहतात ती, तशीच असतात. आणि काळं कापड टाका परत."

मी म्हटलं, "तुला गं काय माहीत?"

"इंटरनेटवर वाचलं," म्हणाली. लेक हिशेबनीस आहे, दिवसभर आकडेमोड करते. हल्ली सगळंच इंटरनेटवर असतं म्हणा. मागे कुणीतरी खोकलं. जावयाला सर्दी झालेली दिसते.

पिशवीचं मला माहीत होतंच. लक्षात आलं नाही एवढंच. काळं कापड टाकलं.

आईचं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

रविवार

काल लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. उरलेल्या तिन्ही ट्रेमध्ये बघत बसलो.

आज मात्र पिल्लं काळी पडली आणि कोपरे सोडून पोहायला लागली. पोटाची पिशवी संपली. आता यांना खायला हवं, आणि आताच हवं. बर्फवाला म्हणाला, "वहिनी त्या उलट्या बाटल्यांमध्ये काहीतरी उबवायच्या ना?" उबवायची, बरोबर. आर्टेमियाची अंडी. मोहरीहूनही बारीक, तपकिरी भुकटीसारखी, डब्यात मिळतात. खाऱ्या पाण्यात घालायची, खालून हवा सोडायची, वर दिवा लावायचा, की दुसऱ्या दिवशी त्यातून खायला जिवंत किडे तयार. दुसऱ्या दिवशी! म्हणजे काल घालायला हवी होती. ही नेहमी पिल्लं पोहायच्या आधीच बाटल्या लावून ठेवायची. मला वाटायचं, उगीच पसारा.

आता लावल्या. तोपर्यंत बलकच, पण या वेळी खरोखर चिमूट. अर्ध्या तासाने पाण्याचा रंग बघायचा आणि तळाला राहिलं ते नळीने ओढून काढायचं. नळी तोंडाने ओढताना एक घोट पोटात गेला. चव सांगण्यासारखी नाही.

सोमवार

बाटल्यांतलं पाणी शेंदरी झालं. किडे निघाले! हवा बंद केली आणि तसंच सगळं ओतणार होतो, तेवढ्यात लेकीचा फोन. नशीबच म्हणायचं. "बाबा, ओतलं नाही ना अजून?" म्हणाली. मी म्हटलं, मी काय करतोय हे तुला कसं कळलं? म्हणाली, "अंदाज." हवा बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, टरफलं वर तरंगतात, दिवा खाली धरला की किडे खाली उजेडाकडे जमतात. खालची तेवढी शेंदरी धार काढून घ्यायची. टरफलं पोटात गेली तर पिल्लं फुगून मरतात. मग गोड्या पाण्याने किडे धुवायचे. मग द्यायचे.

धुतले. दिले.

आणि मग जे बघितलं ते लिहायला हवं. आधी काही नाही. मग एक पिल्लू तोंड उघडून पुढे झालं, मग दुसरं, आणि थोड्या वेळाने प्रत्येकाच्या काळ्या पोटात एक शेंदरी ठिपका. आरपार दिसतो. हजारो पोटं, हजारो ठिपके. मी शेडच्या फरशीवर बसलो आणि एकटाच हसलो.

इतकी वर्षं ट्रेच्या बाजूने येजा केली, पण हे कधी बघितलं नव्हतं. हिने कधी बोलावलं नाही. का बोलावलं होतं?

बुधवार

दिवसात इतक्या वेळा खायला घालायचं असतं की दुसरं काही होतच नाही. घालायचं, बघायचं, उरलेलं ओढून काढायचं, पाणी बदलायचं, बाटल्या धुवायच्या, नव्या लावायच्या, की आली परत यांची वेळ. दाढी करायला सवड नाही. न्हाव्याकडे जायचं म्हणून निघालो आणि दारातून परत आलो.

मी माल पोचवायला बाहेरगावी निघालो की हिला म्हणायचो, चल की सोबत, समुद्र बघ, हवा खा. ती म्हणायची, खेप आहे. मी तिला घरकोंबडी म्हणायचो. सगळ्यांसमोर. ती हसायची तेव्हा.

बर्फवाला संध्याकाळी आला. डबा पुढे केला, "बायकोने दिलाय. तू जेवतोस की नाही?" मी म्हटलं, जेवतो. त्याने माझ्या शर्टाकडे बघितलं. शर्ट कालचाच होता. "वहिनी कधी येणार?" "येईल." "फोन झाला?" "लेकीशी होतो ना रोज."

"मी वहिनींचं विचारतोय," म्हणाला. या माणसाला शेडमध्ये येऊ देणं बंद केलं पाहिजे.

गुरुवार

फाजील लाड. दुसरा शब्द नाही. काल मला वाटलं, खातायत ना आवडीने, मग खाऊ दे. तिसऱ्या ट्रेमध्ये शेंदरी धार दुप्पट सोडली. आज सकाळी कितीतरी पिल्लं पोट फुगवून उलटी तरंगत होती. काहींची पोटं फुटलेली. खाऊन मेली. भुकेने नाही, खाऊन!

लेकीला सांगितलं. ती बहुतेक फोन हातात धरून कुणाशी तरी बोलली. मग म्हणाली, "बाबा, त्यांना कुठे थांबायचं ते कळत नाही. आपण थांबवायचं असतं. पोट शेंदरी दिसलं की हात आखडायचा. मागितलं तरी नाही द्यायचं." मग म्हणाली, "आणि नळीचं तोंड तळाला टेकवू नका. बोटभर वर धरा, नाहीतर पिल्लंही ओढली जातात."

हे सगळं इंटरनेटवर असतं? असेल.

मग म्हणाली, "बाबा, आईचे लोकरीचे कपडे पाठवता का? कपाटात वरच्या कप्प्यात आहेत."

मी म्हटलं, थंडीला अजून वेळ आहे.

"हो," म्हणाली. "तरी पाठवा."

शुक्रवार

कपडे काढले. एवढ्याशा मुक्कामाला लोकरीचे कपडे कशाला, मला कळत नाही. लेकीकडे उकडतं असं हीच म्हणायची. दोन स्वेटर, एक शाल आणि तो जाड निळा कोट. कोट पाठवला नाही. तो इथेच राहू दे. परत आल्यावर लागेल.

तिसऱ्या ट्रेमध्ये निम्मी उरली. दुसरा आणि चौथा भरगच्च.

मंगळवार

तीन दिवस काही लिहिलं नाही कारण काही बिघडलं नाही. हात बसला. पाण्याकडे बघूनच कळतं आता, कशाचं काय चाललंय. हवा कमी झाली की पिल्लं वर येऊन तोंड मारायला लागतात. खाणं कमी पडलं की एकमेकांच्या शेपटीकडे बघायला लागतात. पोट भरलं की गप कोपऱ्यात. मी ट्रेजवळ गेलो की काळ्या कापडाखालूनसुद्धा ओळखतात असं मला वाटतं. बर्फवाला म्हणाला, ओळखत नाहीत, हादरा कळतो त्यांना. त्याला काय कळतंय.

आजपासून किड्यांबरोबर थोडं कोरडं खाद्यही देतोय, पिठासारखं दळलेलं. अगोदर नाक मुरडलं, मग खाल्लं. लेकीनेच सांगितलं, सवय हळूहळू लावायची, एकदम जिवंत खाणं तोडायचं नाही.

घर मात्र खायला उठतं. शेडमध्ये बरं वाटतं त्यापेक्षा. घरात भांडी आपली जागच्या जागी, मीच हलवली नाहीत तर कोण हलवणार. सकाळी सवयीने दोन कप चहा टाकला. दुसरा ओतून दिला नाही, तोही मीच प्यालो.

गुरुवार

आज फोन मीच केला. हे लिहून ठेवतो. लेकीला म्हटलं, "आईला म्हणावं, खेप चांगली चाललीय. पंधरवडा झाला आता. पुरे झालं, ये म्हणावं."

लेक म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांगा ना तिला."

"मी कशाला? रुसून ती गेलीय."

मग लेकीने जे सांगितलं ते असं. त्यांच्या घराजवळ एक रोपवाटिका आहे. आमची ही तिथे सहज बघायला म्हणून गेली आणि रोपांना हात लावता लावता कामालाच लागली. बियांमधून उगवलेली कोवळी रोपं वाचवायची, त्यात तिचा हात धरणारं कुणी नाही असं तिथली मालकीण म्हणते. कायमची राहा म्हणते. राहायला मागची खोलीही देते. सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय.

मी विचारलं, "मग काय म्हणतेय ती?"

"विचार करतेय," म्हणाली. "तिथे सगळे तिला विचारून करतात बाबा. मालकीण आल्या-गेल्याला सांगते, ही बघा, ही आमच्या हिची करामत."

मी म्हटलं, "हां." आणि पिल्लांची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. पिल्लांची वेळ झालेली नव्हती.

शुक्रवार

मन लागत नाही. काम होतंय, हात आपोआप चालतात. रोपांना पाणी घालण्यात काय करामत! रोप काही शेपूट हलवून पळत नाही, पोट फुगवून मरत नाही.

चौथ्या ट्रेमध्ये एक गोष्ट बघितली. काही पिल्लं बाकीच्यांच्या दीडपट झालीत, डोकी मोठी, तोंडं रुंद. एक तर दुसऱ्याला शेपटीकडून अर्धं गिळून फिरत होतं. गिळवतही नाही आणि सोडवतही नाही. एकाच आईची भावंडं! लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "थांबा हं, विचारते... म्हणजे बघते." मग म्हणाली, मोठी वेगळी काढायला लागतील, नाहीतर आठवड्यात बाकीची संपवतील. हाताने निवडायला बसलो तर चार सापडली आणि डोळे दुखायला लागले.

शनिवार

सकाळी चष्मेवाला आला. न सांगता. मी तेव्हा पाणी बदलत होतो. त्याने कापड बाजूला केलं, वाकला, बराच वेळ वाकून राहिला. मग सरळ होऊन मोठ्याने म्हणाला, "वा! वहिनी परत आल्या वाटतं!"

मी पाणी बदलत राहिलो.

"मला बर्फवाल्याने सांगितलं होतं त्या नाहीत म्हणून. म्हटलं या वर्षी बी दुसरीकडे बघावं लागणार. आल्या ना, आता काळजी नाही. कुठे आहेत? भेटतो तरी." आणि शेडच्या मागच्या दाराकडे बघायला लागला.

तीन ट्रे मी जगवलेत. एकट्याने. माझे हात बघा म्हणावं, बोटांची सालं निघालीत. आणि हा माणूस म्हणतो वहिनी आल्या! पण राग येईना. राग यायला हवा होता, मी वाट बघितली, आलाच नाही. वीस वर्षं हा माझ्याशी बोलत होता, माझ्याकडून माल नेत होता, आणि याला पहिल्यापासून माहीत होतं. बर्फवाल्यालाही माहीत होतं. मलाच तेवढं माहीत नव्हतं, किंवा होतं आणि बोललो नाही, काय ते.

"पुढच्या आठवड्यात ट्रक घेऊन येतो," म्हणाला आणि गेला.

मी पैज जिंकली होती. जिरं जगलं होतं. तिने सांगितलं होतं कळवा म्हणून. खाटेवर बसून फोन हातात घेतला आणि काय कळवायचं ते मनात जुळवलं. 'जगली, बघ. तुझ्यावाचून अडलं नाही.' आणि मग कळलं की हे वाक्य बोललो की संपलं. ती म्हणेल, बरं. आणि सोमवारी रोपवाटिकेत हो म्हणेल. कशाला नाही म्हणेल? इथे तिच्यावाचून अडत नाही, हे मीच तर सांगतोय.

दुपारी फोन केला. लेकीने उचलला. मी म्हटलं, "आईला दे."

फोन लगेच हातात आला तिच्या, म्हणजे शेजारीच बसली असावी. "बोला," म्हणाली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा आवाज ऐकला. सर्दी तिलाच झालीय वाटतं, घसा बसलेला.

मी म्हणालो, "मेली."

"काय?"

"पिल्लं. सगळी मेली."

ती म्हणाली, "सगळी?"

"एकही राहिलं नाही. ट्रे धुऊन पालथे घातले."

मागे लेक काहीतरी बोलली, तिने तिला हातानेच गप्प केलं असावं. मग विचारलं, "कशाने मेली?"

हा विचार मी केला नव्हता. बलकाने म्हणावं, तर तो पहिला ट्रे होता. टरफलं म्हणावीत, तर ती मी काढली होती. शेवटी तोंडाला आलं ते बोललो.

"तू नव्हतीस म्हणून."

फोन बंद पडला की काय असं वाटलं, इतकी शांतता. हॅलो, हॅलो केलं. मग तिने नाक ओढलं. सर्दी भारी झालेली दिसते, काढा कर म्हणायला हवं होतं, राहिलं.

"चष्मेवाल्याला काय सांगितलंत?" म्हणाली.

"सांगितलं, खेप हिच्या हातची असते, माझ्या हातून काही होत नाही." हेही खोटंच, त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. पण आता एक बोललो होतो तर दुसरं बोलायला काय जातं? आणि पुढच्या आठवड्यात तो आला की सांगायचंच आहे. सांगतो.

"बरं," म्हणाली. या वेळचं 'बरं' वेगळं होतं, कसं ते मला लिहिता येणार नाही. "मालकिणीला तसं सांगते मग. उद्या सकाळच्या गाडीने निघते. इकडे बारीक भोकांच्या चांगल्या चाळण्या मिळतात, दोन घेऊन येते. मोठ्या तोंडाची वेगळी काढायला लागतील. तोपर्यंत चौथ्या ट्रेला खाणं थोडं जास्त वेळा द्या, म्हणजे एकमेकांना खाणार नाहीत."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. ठेवल्यावर वाटलं, पिल्लं मेली म्हणून सांगितलं तर मग हिला चाळण्या कशाला हव्यात? घाईघाईत पुढच्या खेपेचं बोलत असेल. लेकीने तर काही सांगितलं नसणार, आमच्या दोघांमध्ये ती कधी पडत नाही, तेवढं बरं वळण आहे तिला.

संध्याकाळी बर्फवाला आला. त्याला सगळं सांगितलं तर तो कठड्याला धरून इतका हसला की पिल्लं कोपऱ्यात पळाली. मी म्हटलं, हसू नकोस, जागा दे. तुझ्या गोदामात तीन ट्रे मावतील का? तो म्हणाला, "गोठून मरतील की." तेही खरंच. घरात ठेवावेत तर ती आधी घरातच जाणार. तळ्यात सोडावीत तर मोठे मासे गिळून टाकतील.

चौथ्या ट्रेला जास्तीचं खाणं घातलं. पोटं शेंदरी झाली तशी थांबलो. उद्या दुपारी ती येतेय, आणि एवढी हजारो जिवंत पिल्लं लपवायची कुठे, हे काही केल्या मला सुचत नाही.